झाडीपट्टीत स्पंजाच्या शोधात

शुक्रवार : नागपूर, कोहमारा, अर्जुनी मोरगाव

रत्नागिरीहून स्पंज शोधायला झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गोंदिया जिल्ह्यात निघाले म्हटल्यावर घरच्यांचा आणि विभागातल्या सहकाऱ्यांचा चेहरा सारखाच झाला. त्यात चूक काही नाही. आमच्याकडे ओहोटीला खडकांत उतरलं की नारिंगी, जांभळे, काळे स्पंज हाताशी असतात, आणि माझं कामच त्यांच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंवर आहे. हे जिवाणू दुसऱ्या जिवाणूंना मारणारी रसायनं बनवतात का, बनवत असतील तर कोणती, एवढाच आमच्या प्रयोगशाळेचा धंदा. पण जगात स्पंजांच्या नऊ हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या दोनशेहून अधिक गोड्या पाण्यात राहतात. त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. हेन्री कार्टर नावाच्या डॉक्टरने १८४९ साली मुंबई बेटावरच्या टाक्या-तळ्यांतल्या स्पंजांचं सविस्तर वर्णन छापलं होतं. त्याचं नाव मिळालेली युनापियस कार्टेरी ही जात भारतभर सापडते. मग भंडारा-गोंदियाच्या तलावांत ती का नसावी?

निमित्त मात्र एका फोटोचं झालं. माझा एक जुना विद्यार्थी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, ढिवर म्हणजे मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला, आता तिथेच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. त्याने डोंग्यातून काढलेला फोटो पाठवला : पाण्यात रोवलेला लाकडी खुंट आणि त्यावर हिरवट-पिवळट जाड थर. खाली एकच ओळ, "मॅडम, हा तुमचाच ना?"

नागपूरला सकाळी उतरले. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले (तर्री वेगळी मागून घ्या, आधीच ओतलेली असली तर घाम फुटेपर्यंत थांबता येत नाही) आणि भंडारा, लाखनी, साकोली करत कोहमाऱ्याला उजवीकडे वळलो. इथून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगाला धानाच्या कापलेल्या बांध्या आणि दर थोड्या अंतरावर पाणी. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि गोंदिया १९९९ पर्यंत त्याचाच भाग होता. यांतले बरेच जुने मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले. कोहळी समाजाच्या लोकांनी उतार हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचं पाणी धानासाठी अडवलं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे आली.

रात्री विद्यार्थ्याच्या घरी चिन्नोर तांदळाचा भात, वांग्यात टाकलेले सुके झिंगे आणि जवसाची चटणी. कोकणातल्या माणसाला सुक्या झिंग्याचं कौतुक नसतं, पण हे तलावातले झिंगे बारीक आणि गोडसर होते. मी दोनदा भात घेतला तेव्हा घरातल्या आजी खूश होऊन म्हणाल्या, "घ्या जी, लाजू नोका."

थंडीचं सांगून ठेवते. जानेवारीत पहाटे इथे दहा अंशांच्या आसपास पारा असतो. कोकणातला पातळ स्वेटर इथे काही कामाचा नाही.

शनिवार : तलाव, खुंट आणि कुकर

नमुने घ्यायची परवानगी विद्यार्थ्याने आधीच घेऊन ठेवली होती : मच्छीमार संस्थेचं पत्र आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं पत्र. हे दुसरं पत्र लोक विसरतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. या गावाची नोंदवही होती. तिच्यात माशांची, कमळ-पोयणीची, पाणकणसाची नावं होती, स्पंज नव्हता. सचिवांनी मला स्पेलिंग विचारून तिथल्या तिथे एक रिकामी ओळ राखून ठेवली.

सकाळी विद्यार्थ्याचे काका डोंगा घेऊन पाळीखाली उभे होते. वय साठीच्या पुढे, अंगात बनियन, मला मात्र दोन शाली. धुकं पाण्यावरून हलत नव्हतं. पलीकडे तलवार बदकांचा थवा बसला होता, आणि पोयणीच्या पानांवरून कमळपक्षी पावलं टाकत होता. काकांनी वल्हं मारता मारता विचारलं, "तुमी समुद्रातल्या ना जी? मंग इकडं काय शोधून राहिल्या?"

मी फोटो दाखवला.

"हे? हे तर खुंट्याले लागूनच राहते. हात लावू नोका, खाजवते."

काकांनी दोन शब्दांत जे सांगितलं ते वर्गात शिकवायला मला अर्धा तास लागतो. स्पंजाच्या शरीराचा सांगाडा म्हणजे काचेच्या, सिलिकाच्या, सूक्ष्म सुया. कातडीत घुसल्या की खाज. हातमोजे घालाच. तरीही सुया रुतल्या तर पाण्याने चोळू नका, आधी चिकटपट्टी लावून ओढून काढा.

जाळी बांधायच्या खुंटापाशी डोंगा लावला. पाणी गुडघाभर, थंडगार. खुंटाच्या उन्हाच्या बाजूला थर हिरवा होता, सावलीच्या बाजूला मळकट पिवळा. हिरवेपणा स्पंजाचा नव्हे, त्याच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळाचा. भिंगातून बघितलं तर पृष्ठभागावर बारीक छिद्रं, आणि मध्ये मध्ये मोठी, मिरीएवढी भोकं. बारीक छिद्रांतून पाणी आत जातं, मोठ्या भोकांतून बाहेर येतं. मी पिपेटने दुधाचा एक थेंब बाजूला सोडला. थोड्या वेळाने एका भोकातून पांढरी रेघ वर आली. काका पुढे वाकले, डोंगा डुलला, आणि ते म्हणाले, "जित्ता हाये का हा?"

जिवंत आहे, आणि प्राणी आहे. दिवसाकाठी आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी हा अंगातून गाळतो, आणि त्यातले जिवाणू खातो. मग जिवाणू खाणाऱ्याच्या पोटात जिवाणू राहतात कसे? हीच तर गंमत आहे. काही समुद्री स्पंजांच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, जिवाणूंचाच भरतो. एका ग्रॅममध्ये ते अब्जांच्या घरात असू शकतात. स्पंज म्हणजे भाडेकरूंनी भरलेला जुना वाडा समजा. मालकाला पळता येत नाही, अंगावर कवच नाही, दात नाहीत. येणाजाणाऱ्यांना दूर ठेवायचं काम बऱ्याचदा भाडेकरूच करतात, आणि त्यांची हत्यारं म्हणजे रसायनं.

ब्लेडने नखाएवढा तुकडा कापला. तेवढाच. स्पंज पुन्हा वाढतो, पण मुळापासून खरवडला तर नाही. तुकडा तलावाच्या पाण्यासकट निर्जंतुक पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात. त्याच खुंटाजवळचं नुसतं पाणी वेगळ्या बाटलीत आणि तळाचा गाळ तिसऱ्या पिशवीत. हे दोन नमुने घेतले नाहीत तर नंतर सापडलेला जिवाणू स्पंजाचा की पाण्यातून वाहत आलेला, हे सांगता येत नाही. पुढे पाणी सोडायच्या तुडुमाजवळ दगडाच्या खालच्या अंगाला आणखी एक स्पंज मिळाला, पातळ, राखाडी आणि इतका टणक की ब्लेड घसरलं. तो जातीने वेगळा असावा. जात नक्की करायची तर सुया सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात, नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही. पहिल्या तुकड्यात एक इवलीशी हिरवट अळी वळवळत होती. स्पंज खाऊनच वाढणाऱ्या माश्या असतात, त्यातली. ती मी परत पाण्यात सोडली.

पाळीवर परतलो तेव्हा काकू टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. काळी साल दातांनी फोडायची, दोन्ही टोकांचे काटे सांभाळायचे, आतला पांढरा गर गरम गरम खायचा. इथल्या तलावांत ढिवर लोक शिंगाड्याची शेती करतात आणि हंगामाच्या शेवटी मिळणारे हे शिंगाडे पिठूळ होतात. खाताखाता काकांनी मुद्द्याचं विचारलं. "याचं औषध होते का जी?"

मी त्यांना टीबीच्या गोळीची गोष्ट सांगितली. रिफाम्पिसिन. नाव ओळखीचं निघालं, कारण काकूंनी सहा महिने ती घेतली होती.

"तेच का, जेच्यानं लघवी लाल होते?"

तेच. ते ज्या रिफामायसिनपासून बनतं, ते आधी जमिनीतल्या एका जिवाणूत सापडलं होतं. मग २००६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या एका स्पंजातून वाढवलेल्या सॅलिनिस्पोरा नावाच्या जिवाणूतही रिफामायसिन मिळालं. म्हणजे जमिनीवर एक, समुद्रात स्पंजाच्या पोटात दुसरा, आणि हत्यार एकच. काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मंग आमच्या तलावातल्यात पन असन." असू शकेल, असं मी म्हटलं. याहून मोठं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

नमुने थंड असले तरी त्याच दिवशी हात लावावा लागतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा होता, वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, बंद पडलेलं. वहिनींचा पाच लिटरचा प्रेशर कुकर आणला. प्रेशर पूर्ण आलं की शिट्ट्या मोजायच्या नाहीत, गॅस बारीक करून वीस मिनिटं ठेवायचा. कुकरमध्ये साधारण १२१ अंश गाठले जातात, ऑटोक्लेव्हमध्येही तेवढेच. अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) बाटल्या, पाणी, खलबत्ता, सगळं त्यातून काढलं. घरी त्या रात्री वरण पातेल्यात शिजलं, आणि त्याबद्दल मला दुसऱ्या दिवशीही ऐकावं लागलं.

स्पंज निर्जंतुक पाण्याने अनेकदा धुतला, म्हणजे वर वर चिकटलेले पाहुणे जातील. मग खलबत्त्यात कुटला, दहापट, शंभरपट, हजारपट पातळ केला आणि अगार ओतलेल्या काचेच्या बश्यांवर पसरला. एक वाटा आधी साठ अंशांच्या पाण्यात ठेवला, म्हणजे कच्चे जिवाणू मरतात आणि बीजाणूवाले टिकतात. प्रतिजैविकं बनवणारे अनेक जण याच दुसऱ्या गटातले. बुरशी माजू नये म्हणून अगारमध्ये निस्टॅटिन. आणि अन्न मुद्दाम कमी. भरपूर खायला दिलं की धावरे जिवाणू दोन दिवसांत बशी व्यापतात आणि हळू वाढणारे, आपल्याला हवे असलेले, मागेच राहतात.

रात्री झोपायचा बेत होता. पण शेजारच्या गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, झाला होता, आणि पट झाला की रात्री नाटक. झाडीपट्टीतली ही नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात, आणि तिसरी घंटा अकराच्या आधी होत नाही. तट्ट्यांच्या मांडवात, खड्ड्यात केलेल्या रंगमंचासमोर, घोंगडी पांघरून दोनअडीच हजार माणसं. गाणी, लावणी, विनोद, मध्येच सासूचं रडणं. पहाटे चारला मी उठले, आजी उठल्या नाहीत.

रविवार : नवेगाव बांध आणि गोठणगाव

सुट्टी. नवेगावच्या तलावात नमुने घ्यायचे नव्हते. तो परिसर राष्ट्रीय उद्यानाचा आहे, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातला, आणि तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय पाण्यातला दगडही उचलायचा नाही. नुसतं बघायला गेलो. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात डोंगरांच्या मधल्या फटी बुजवून हा तलाव बांधला. पाळीवर त्यांची कोलासूर म्हणून पूजा होते. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाळीवर उभं राहून पाण्याचा पसारा बघितला की यंत्र नसताना हे कसं केलं असेल, हा प्रश्न आपोआप पडतो. विद्यार्थ्याचं त्यावर मत असं की तलाव बांधणाऱ्याचा देव झाला आणि गाळ काढणाऱ्याला मजुरीही वेळेवर मिळत नाही. गावातलेच तलाव त्याने दाखवले होते, अर्ध्या पाण्यावर बेशरमाची झुडपं माजलेली. जिथे बेशरम आहे तिथे स्पंज दिसला नाही, पण एवढ्यावरून निष्कर्ष काढायची माझी हिंमत नाही.

दुपारी गोठणगावकडे. इटियाडोह धरणाच्या वाटेवर अचानक रंगीत पताका आणि गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. १९७० च्या दशकात वसवलेली तिबेटी वसाहत. मला याची काहीच कल्पना नव्हती. गल्ल्या बऱ्याच रिकाम्या, कारण हिवाळ्यात कुटुंबं स्वेटर विकायला शहराशहरांत जातात. नागपूरच्या फुटपाथवर आपण ज्यांच्याशी घासाघीस करतो त्यांतली काही घरं इथली. एका घरी म्हाताऱ्या बाईंनी थुक्पा करून दिला, आणि तिखट पुरे का असं अस्सल गोंदियाच्या मराठीत विचारलं. जेवण आधी सांगून ठेवलं तर मिळतं, हॉटेल म्हणून काही शोधत बसू नका.

जेवताना विद्यार्थ्याने कित्येक वर्षांपासून मनात असलेलं विचारलं. "मॅडम, मग औषध कुणाचं? स्पंजाचं की जिवाणूचं?" मी त्याला जुना क्रम सांगितला. १९५१ मध्ये बर्गमन आणि फीनी यांना फ्लोरिडाच्या एका स्पंजात वेगळ्याच धाटणीची न्यूक्लिओसाइडं (डीएनए ज्यांपासून बनतो तसले घटक) मिळाली. त्यांचा धागा धरून सायटाराबिन बनलं, १९६९ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरात आहे. तेव्हा सगळे म्हणाले, स्पंजाचं औषध. पुढे थिओनेला स्विन्होई या स्पंजातल्या रसायनांवरून शंका यायला लागली, कारण ती दिसायला थेट जिवाणूंच्या रसायनांसारखी होती. २०१४ मध्ये यॉर्न पील यांच्या गटाने दाखवून दिलं की त्यांतली बहुतेक रसायनं बनवणारा एंटोथिओनेला नावाचा जिवाणू आहे. तो प्रयोगशाळेत वाढत नव्हता, त्याच्या जनुकांवरून त्याला पकडलं. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. एका औषधाच्या चिमटीभर साठ्यासाठी टनावारी स्पंज समुद्रातून खरवडायची पाळी येते, जिवाणू वाढवता आला किंवा त्याची जनुकं दुसऱ्यात बसवता आली तर ती येत नाही. म्हणून मी स्पंज नखाएवढाच कापते.

सोमवार : परत

सकाळी बश्या बघितल्या. पाण्याच्या नमुन्यावर गुलाबी, पिवळे, चकचकीत ठिपके भरपूर. स्पंजाच्या बश्यांवर त्याहून कमी, पण एका कोपऱ्यात खडूसारखा कोरडा, अगारमध्ये रुतलेला पांढरा ठिपका सुरू झाला होता. त्याला पावसाच्या पहिल्या सरीचा मातीचा वास येतो. स्ट्रेप्टोमायसिसच्या, म्हणजे प्रतिजैविकं बनवणाऱ्या मातीतल्या जिवाणूंच्या, घराण्यातला असण्याची शक्यता दाट, पण दोन दिवसांत इतका वाढलेला म्हणून मी जरा साशंकच होते. बश्या पट्टीने बंद करून, उलट्या ठेवून डब्यात भरल्या. गोंदिया-बल्लारशा मार्गावरची गाडी अर्जुनीला मिळाली आणि गोंदियाला बदलली. बाजूच्या प्रवाशांना डब्यात काय आहे ते सांगू नका. मी सांगितलं, आणि बाक रिकामा झाला.

घरी आल्यावर

हळू वाढणाऱ्यांना तीन-चार आठवडे द्यावे लागतात. मग प्रत्येक ठिपका वेगळा काढून, तो कुणाला मारतो ते बघायला, त्याच्यासमोर तीन जिवाणू, बॅसिलस सब्टिलिस, ई. कोलायचा निरुपद्रवी प्रकार आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस पेरले. शेवटचा फक्त प्रयोगशाळेच्या बंद कपाटात. असले प्रयोग कुणी घरी किंवा शाळेच्या बाकावर करू नयेत.

तुडुमाजवळच्या त्या टणक, राखाडी स्पंजातल्या एकाने बॅसिलस आणि स्टॅफिलोकॉकस दोन्हींभोवती स्वच्छ, काटेकोर गोल रिकामा ठेवला, म्हणजे तेवढ्या जागेत त्यांना वाढू दिलं नाही. ई. कोलायला त्याचं काहीच वाटलं नाही. ई. कोलायला बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, बरीच औषधं तिथेच अडतात. पाण्याच्या आणि गाळाच्या बश्यांत हा जिवाणू सापडला नाही. खुंटावरच्या हिरव्या स्पंजाने, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याने, जवळजवळ काहीच दिलं नाही.

विद्यार्थ्याला फोन केला तर तो ओरडलाच. त्याला थांबवावं लागलं. गोल दिसणं ही सुरुवातही नाही. असे गोल दाखवणारे बहुतेक जिवाणू जुनंच काहीतरी बनवत असतात, ॲक्टिनोमायसिन नाहीतर तसलंच दुसरं, दशकांपूर्वी माहीत झालेलं. म्हणून अर्क काढून आधी त्यातल्या रेणूंचं वस्तुमान तपासायला पाठवायचा, माहीत असलेल्या रसायनांच्या यादीशी ताडायचा. जुनं निघालं तर फाईल बंद. नवं निघालं तरी ते माणसाच्या पेशींना मारत नाही ना, रक्तात टिकतं का, हे सगळं पुढे, आणि त्यात दहा वर्षं सहज जातात. अर्क आता दुसऱ्या संस्थेच्या यंत्राच्या रांगेत आहे. काकूंना काय सांगू, असं त्याने विचारलं. रांगेत आहे असंच सांग म्हटलं.

मे महिन्यात पुन्हा जायचं ठरतंय. बोडी, म्हणजे लहान तळं, आटायला लागली की हे स्पंज मरतात, पण मरण्याआधी खसखशीएवढे टणक गोळे करून ठेवतात, गेम्यूल म्हणतात त्यांना. ते उन्हात वाळून पडून राहतात आणि पावसाचं पाणी लागलं की त्यांच्यातून नवा स्पंज फुटतो. मला बघायचंय की राखाडी स्पंजाचा तो जिवाणू गेम्यूलमध्ये आधीपासून बसलेला असतो, की दर पावसाळ्यात तलावातून नव्याने आत येतो. आत बसलेला असेल तर हे जुनं नातं आहे आणि जनुकं वाचायचा खर्च मागायला माझ्याकडे कारण आहे. काकांनी तुडुमाच्या दगडाला खूण करून ठेवली आहे. मे मध्ये इथे पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा त्यांचा निरोप आहे की पहाटे पाचला डोंग्याशी हजर राहायचं, आठनंतर ते येणार नाहीत.